देठाखालची चंद्रकोर

विजयमाला बर्गे यांनी आयुष्यात कधी जून दुधी घरात येऊ दिला नाही. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापिकांनी हे वाक्य भाषणात घेतलं, तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. साताऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत बाईंनी अख्खी नोकरी गृहविज्ञान शिकवण्यात घालवली होती. शिवण, विणकाम, आहारातले घटक हे सरकारनं ठरवून दिलेलं. 'भाजीची पारख' हा धडा मात्र बाईंचा स्वतःचा. टेबलावर एक दुधी ठेवलेला असे आणि मुली एकेक करून पुढे येत. उजव्या हाताचा अंगठा, देठाच्या जरा खाली, नख किंचित तिरकं, दाब हलका. नख सहज रुतलं तर दुधी कोवळा. अडलं तर तो ठेवून द्यायचा आणि पुढचा उचलायचा. काकडीला तसंच, पेरूला तसंच, आणि भेंडीचं टोक मोडून बघायचं. जिचं नख भलत्या जागी पडे तिला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागे.

त्या मुली मोठ्या झाल्या, गावातच संसाराला लागल्या, त्यांनी आपल्या लेकीसुनांना शिकवलं. बाई मंडईत शिरल्या की चारी बाजूंनी "बाई, एवढा बघून देता का?" सुरू व्हायचं. बाई अंगठा लावत आणि निकाल देत. निकालावर अपील नसे.

खरं तर आता मंडईत जायची गरज कुणालाच राहिली नव्हती. फोनला सांगितलं की एक पिटुकलं विमान खिडकीशी येऊन भाजीची पिशवी लटकवून जाई. तरुण मंडळींनी मंडईचं तोंड कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तरी साताऱ्याची मंडई भरत होती, कारण तिथे भाजीला हात लावता येई, आणि हात न लावता भाजी घेणं हे बर्गे बाईंच्या विद्यार्थिनींना स्थळ न बघता मुलगी देण्याइतकं अवघड वाटत असे.

बाईंचा अंगठा न मानणारी मंडईत एकच होती, चंद्राक्का. माहुलीच्या मळ्यातला माल घेऊन ती पहाटे येई, आणि माल असा असे की सगळ्या आधी तिच्याच गाळ्यावर तुटून पडत.

"बाई, त्यो दुधी हाय, पाटी न्हाई," ती म्हणायची. "दिसली की कोरायची."

"नख लावल्याशिवाय कळायचं कसं?"

"मला इचारा की. मी सांगते."

"तू विकणारी. तू सगळेच कोवळे सांगणार."

हा संवाद वर्षानुवर्षं शब्दही न बदलता चालत आला होता, आणि तो झाल्याशिवाय दोघींनाही व्यवहार पुरा झाल्यासारखं वाटत नसे.

मग बाईंची मुलगी शर्वरी पुण्याहून यंत्र घेऊन आली.

शर्वरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला मुद्दाम दुसऱ्या शाळेत घातलं होतं. घरची परीक्षक शाळेतही नको, असं त्यांचं म्हणणं. पुढे ती वसतिगृहातच वाढली. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या यंत्राचं नाव होतं 'पूर्वसूचक'. गाळ्याच्या वर टांगायच्या एका दिव्याएवढं ते. हिरवा दिवा म्हणजे माल संध्याकाळपर्यंत निर्धास्त, पिवळा म्हणजे आजच खा, लाल म्हणजे फेकून द्या. मंडईनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून 'ज्योतिषी' नाव ठेवलं, आणि दोन-तीन बायका आपल्या मुलाचं लग्न कधी जमेल तेही विचारून गेल्या.

यंत्रामागचं शास्त्र शर्वरीनं मंडईच्या चौकात उभं राहून समजावून सांगितलं, आणि बाईंनी पहिल्या रांगेत उभं राहून ऐकलं. भाजी सडणं वेगळं आणि घातक होणं वेगळं. सडलेली भाजी दिसते, वास मारते, आपण टाकून देतो. पोट बिघडवणारे जंतू मात्र टवटवीत दिसणाऱ्या काकडीवरही मजेत राहतात, त्यांना ना वास ना रंग. आज किती जंतू आहेत हे मोजणारी यंत्रं जुनी झाली; हे यंत्र उद्या किती होतील ते सांगतं. कारण जंतूंची वाढ लग्नाच्या पंगतीसारखी असते. पाहुणे आल्या आल्या जेवत नाहीत, आधी जागा शोधतात, बस्तान बसवतात. त्या वेळात संख्या वाढत नाही. एकदा पानं मांडली की एकाचे दोन, दोनाचे चार, आणि उकाडा असेल तर दर अर्ध्या तासाला दुप्पट. सकाळी भाजीवर कापसाचा बोळा फिरवून पाहुणे किती ते पाहायचं, मग हवा, ऊन, ओल मोजून पंगत कधी बसेल ते गणितानं काढायचं. धडधाकट सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तिथे ना पाणी ना अन्न, म्हणून पाहुणे नुसते ओसरीवर ताटकळत बसतात.

"आणि हे वरून आमच्याकडं बघत बसणार व्हय दिवसभर?" चंद्राक्कानं विचारलं.

"माणसांकडे नाही. कायदाच आहे तसा," शर्वरी म्हणाली. "माणूस किंवा माणसाचा हात समोर आला की यंत्र तेवढा भाग पुसून टाकतं. ते फक्त भाजी बघतं."

"गुणी हाय बिचारं," चंद्राक्का म्हणाली.

चाचणी महिनाभराची होती. साताऱ्यात अंदाज खरे ठरले तर राज्यभरच्या मंडयांत हे यंत्र लागणार होतं, आणि ते शर्वरीचं आठ वर्षांचं स्वप्न होतं. दुसऱ्या गावांत अंदाज अगदी तंतोतंत आले होते. साताऱ्यात मात्र पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. सकाळी हिरवा दाखवलेला माल दुपारी लाल व्हायला लागला. तोही सगळा नाही. मेथी शहाण्यासारखी वागत होती, बटाटे आज्ञाधारक होते. दुधी, काकडी आणि पेरू तेवढे बिथरले होते. सगळ्यांत वाईट अवस्था चंद्राक्काच्या गाळ्याची.

मंडई समितीचा नियम होता की तीनदा लाल दिवा लागला की चौकशी संपेपर्यंत गाळ्यावर ताडपत्री. चंद्राक्काचा पहिला लाल दिवा लागला तेव्हा संशय तिच्या बादलीवर गेला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. त्या बादलीत ती हात बुडवायची, त्याच पाण्याचा शिपका भाजीवर मारायची आणि चहाचा पेलाही त्यातच विसळायची. शर्वरीनं बादली उचलून नेली आणि गाळलेल्या पाण्याची नळी बसवून दिली.

"सासूनं दिलेली बादली व्हती," चंद्राक्का म्हणाली.

त्यानंतर दोनच दिवसांत अप्पा आजारी पडले. अप्पा रोज सकाळी मित्रांबरोबर अजिंक्यतारा चढत आणि उतरल्यावर पायथ्याच्या गाडीवर कच्च्या दुधीचा रस घेत. हृदयाला चांगला असतो, असं त्यांच्यातल्या एका निवृत्त बँक मॅनेजरनं सांगितलं होतं. त्या सकाळी सगळी हृदयं ठणठणीत राहिली आणि सगळी पोटं बिघडली. अजिंक्यताऱ्यावर दोन दिवस कुणी फिरकलं नाही. आणि त्याच दिवशी चंद्राक्काच्या गाळ्यावर दुसऱ्यांदा लाल दिवा लागला, नळीचं स्वच्छ पाणी असूनही.

संध्याकाळी शर्वरी चक्क गाणं गुणगुणत घरी आली. "आई, सापडलं. हे बघ."

तिनं भिंतीवर एक चित्र पाडलं. दुधीची साल, खूप मोठी करून दाखवलेली, आणि तिच्यावर एक बारीक तपकिरी खूण. कडा थोड्या वाळलेल्या, मध्ये ओल. आकार अगदी रेखीव चंद्रकोरीचा. शर्वरीनं दुसरं चित्र लावलं, तिसरं लावलं. वेगळे गाळे, वेगळे दुधी, काकड्या, पेरू; खूण तीच आणि जागाही तीच, देठाच्या जरा खाली.

"साल फुटली की सगळंच बदलतं," शर्वरी सांगत होती. "आतला रस बाहेर येतो. पाणी आहे, साखर आहे, बस्तान बसवायला वेळच लागत नाही. पाहुणे थेट पानावर. म्हणून आमचं गणित चुकत होतं. आणि ही जखम एखाद्या किड्याच्या चाव्याची आहे. आजवर कुणी न नोंदवलेल्या. विद्यापीठातले कीटकतज्ज्ञ डॉक्टर सरनोबत उद्या येतायत. आई, नवी जात असू शकते ही."

बाईंनी चित्राकडे पाहिलं. मग मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग अंगठा हळूच पदराखाली घेतला.

"काय झालं?" अप्पांनी पलंगावरून विचारलं.

"काही नाही. गार वाटलं," बाई म्हणाल्या.

देठाखाली, किंचित तिरकं, दाब हलका. हस्ताक्षर ओळखू यावं तशी त्यांनी ती खूण ओळखली होती. आणि लगेच दुसरा विचार आला तो त्याहून वाईट होता. रसाच्या गाडीवाला मंडईत संध्याकाळी येतो, उरलेला माल स्वस्तात उचलतो. उरतो तो कुठला, तर नख लावून बायकांनी ठेवून दिलेला. म्हणजे बाईंनी नापास केलेला दुधी मंडईला वळसा घालून अप्पांच्याच पोटात आला होता.

खरं सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. पण गावभर जिचा शब्द प्रमाण, तिनं आपल्या मुलीसमोर, तेही आठ वर्षांच्या अभ्यासासमोर, 'तो किडा मीच' असं कसं म्हणायचं, हे बाईंना कळेना. त्यांनी स्वतःला समजावलं, की हे डॉक्टर येतील, दोन मिनिटांत ओळखतील, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

डॉक्टर सरनोबत आले, पण त्यांनी काही ओळखलं नाही. गृहस्थ अतिशय विद्वान होते, अविवाहित होते आणि त्यांची भाजी खिडकीतून येत असे. त्यांनी बर्गेंच्या दिवाणखान्यात मुक्काम ठोकला, दिवसभर जाळी घेऊन मंडई धुंडाळली, यंत्राच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि संध्याकाळी चहा घेता घेता बाईंनाच सगळं समजावून सांगायला बसले.

"फार वेगळी वागणूक आहे हिची," ते म्हणाले. "रात्री अजिबात हालचाल नाही. सकाळी नऊ ते बारा सर्वांत सक्रिय. रविवारी प्रमाण वाढतं. संकष्टीच्या आदल्या दिवशी तर काकड्यांवर झुंडीनं येते."

"अगंबाई," बाई म्हणाल्या.

"आणि विलक्षण चोखंदळ. एका फळाला चावते, सोडून देते, दुसऱ्याला चावते. खात काहीच नाही, नुसती तपासते. मला वाटतं ही मादीच असावी. नर इतका वेळ घालवत नाही."

"पोहे घ्या ना अजून," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पोहे घेतले. "हिला शर्वरी मॅडमचंच नाव द्यायचं ठरवलंय. बर्गे जातीची कीड. शास्त्रात तुमच्या घराण्याचं नाव कायमचं होईल."

आतल्या खोलीतून अप्पांचा क्षीण आवाज आला. "सापडली की आधी मला दाखवा. मी स्वतः चिरडणार तिला."

बाईंना दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही. मंडईत जायचं टाळलं तर विचारणारे दहा जण, म्हणून गेल्या. पण दोन्ही हातांनी पिशवीचे बंद घट्ट धरून ठेवले होते. नेहमीच्या बायका भोवती जमल्या, "बाई, एवढा बघा" म्हणाल्या, तर बाईंनी "आज डोळे दुखतायत" असं सांगितलं. भाजी डोळ्यांनी बघायची नसते हे त्यांनीच शिकवलेलं असल्यामुळे बायका चकित झाल्या. आणि बाई पाहत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी फक्त आपल्या हातातला दुधी पाहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ठेवून दिलेले दुधी पाहिले. एक बाई येई, नख लावी, ठेवी. दुसरी येई, तोच उचली, नख लावी, ठेवी. चंद्राक्काचा एक देखणा, लांबसडक दुधी सकाळभरात इतक्या हातांतून गेला की त्याच्या देठाखाली चंद्रकोरींची माळच झाली. वर टांगलेलं यंत्र हात दिसला की कायद्याप्रमाणे नजर खाली घालत होतं. त्याला फक्त आपोआप उमटणाऱ्या जखमा दिसत होत्या.

"बाई, आज भांडला न्हाई तुमी," चंद्राक्का म्हणाली. "तब्येत बरी हाय न्हवं?"

बाईंनी मान हलवली आणि शेपूची एक जुडी घेऊन त्या घरी गेल्या. त्यांच्या घरात शेपू कुणी खात नाही.

सोमवारी सकाळी तिसरा लाल दिवा लागला.

चंद्राक्काचाच गाळा. समितीचे निरीक्षक शेलार ताडपत्री काखेत घेऊन तयारच उभे होते. डॉक्टर सरनोबत जाळी सावरत पेरूंच्या ढिगात डोकं घालून बसले होते. शर्वरीचा चेहरा उतरला होता. पुण्याहून सकाळीच निरोप आला होता, की कीड सापडत नसेल तर चाचणी फसली असं धरून यंत्रं उतरवून आणा. भोवती बायकांचं कडं जमलं होतं, आणि त्या कड्यात बर्गे बाई होत्या.

"शेलारदादा, बांधा ताडपत्री," चंद्राक्का म्हणाली. आवाज चढा नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "बादली न्हेली, नळी लावली, हात धू म्हनला, धुतलं. आता म्या काय करू? उद्यापास्नं मळ्यातला माल कुठं घालू?" मग तिला गर्दीत बाई दिसल्या. "बाई, तुमी तरी सांगा ह्यास्नी. लगीन झाल्यापास्नं माझ्याकडनं न्हेताय. माझ्या मालानं कदी पोट दुखलं तुमचं?"

बाईंचं पोट खरंच कधी दुखलं नव्हतं. त्यांनी तो दुधी नीट निवडून घेतलेला असे, आणि तासाभरात तो फोडणीत पडत असे, जिथे कुठल्याच जंतूचं बस्तान बसत नाही. पोट दुखायचं ते मागे राहिलेला घेणाऱ्यांचं. बाईंना एकाएकी स्वतःची इतकी लाज वाटली की पुढचं सोपं झालं.

"शेलार, ताडपत्री खाली ठेवा," त्या म्हणाल्या.

शेलारांनी ठेवली. त्यांची बायको बाईंची विद्यार्थिनी होती.

बाई पुढे आल्या. त्यांनी ढिगातला एक न दुखावलेला दुधी निवडला, डाव्या हातावर आडवा घेतला आणि सगळ्यांच्या देखत उजव्या हाताचा अंगठा देठाखाली टेकवला. दाब हलका. मग तो दुधी मुलीच्या हातात दिला. शर्वरीनं सवयीनं भिंग लावलं. मग भिंग हलवून तिनं खूण पुन्हा पाहिली.

डॉक्टर सरनोबतांनी तिच्या खांद्यावरून पाहिलं. "ताजा चावा आहे," ते घाईनं म्हणाले. "कीड कुठे गेली?"

बाईंनी अंगठा वर केला. "ही घ्या."

डॉक्टर अंगठ्याकडे पाहत राहिले, मग बाईंकडे पाहत राहिले. "मादी आहे, एवढा माझा अंदाज बरोबर होता," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी जाळीची घडी घातली.

कड्यातल्या बायकांनी हातातले दुधी, काकड्या आवाज न करता खाली ठेवायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून कुठून तरी भेंडी मोडल्याचा 'टक्' असा आवाज आला.

"कोण आहे ते?" बाई वळल्या. "सगळ्यांनी हात मागे."

आणि सगळे हात मागे गेले. पन्नाशीच्या बायका, नातवंडांच्या आज्या, पिशव्या सावरत, हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. शेलारांचेही गेले. डॉक्टर सरनोबतांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जाळीसकट आपलेही नेले.

"मी तुम्हाला अर्धाच धडा शिकवला," बाई म्हणाल्या. वर्गात बोलायच्या तशाच. "दुधी कोवळा आहे की नाही ते नख सांगतं. नख लावल्यावर दुधीचं काय होतं, ते मी कधी पाहिलंच नाही. चांगला निघाला की मी घेऊन जायची. जो ठेवून दिला तो कुणाच्या घरी गेला, मला काय त्याचं. चंद्राक्का इतकी वर्षं सांगत होती, मला वाटायचं तिला मालाची काळजी आहे."

"मालाचीच व्हती," चंद्राक्का म्हणाली. "जंतूबिंतू मला काय म्हायती?"

"असो. चूक धड्याची आहे, गाळ्याची नाही. आता नवा धडा. वजन तराजूत बघा. देठ हिरवा आहे का बघा. सालीवरची लव बघा. हे सगळं डोळ्यांनी. आणि तरी कळलं नाही, तर विकणारीला विचारा."

"मी सगळेच कोवळे सांगनार," चंद्राक्का म्हणाली, आणि त्या सकाळी ती पहिल्यांदा हसली.

घरी मात्र कुणी हसत नव्हतं. शर्वरी येरझाऱ्या घालत होती.

"तीन दिवस. आई, ते गृहस्थ जाळी घेऊन वणवण फिरत होते, आणि तू त्यांना चहा देत होतीस."

"पोहे पण दिले," अप्पा आतून म्हणाले. "मला पेज."

"मला भीती वाटली," बाई म्हणाल्या. असं वाक्य त्यांच्या तोंडून त्या घरानं ऐकलं नव्हतं, म्हणून शर्वरी थांबली. "सगळे मला विचारतात, बाई, हे बरोबर का? उद्या कुणी विचारलंच नाही तर मी कोण?"

शर्वरी खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आठवतं, मी चौथीत असताना एकटी जाऊन भेंडी आणली होती?"

"आठवतं."

"तू एकेक टोक मोडून पाहिलंस. म्हणालीस, जून आहे, परत दे. मी रडत परत गेले. त्यानंतर या चाचणीपर्यंत मंडईत पाऊल टाकलं नाही. हे यंत्र सुचलं ना, त्याच्या मुळाशी तेच असावं. भाजी आणल्यावर कुणी कुणाची परीक्षा घेऊ नये, एवढंच मनात होतं. आणि मंडईत पाऊल न टाकल्यामुळेच मला नखाची खूण ओळखता आली नाही."

बाई पदराशी चाळा करत राहिल्या. "सगळी जून नव्हती ती," त्या म्हणाल्या. "दोनच निघाल्या. पण निकाल देऊन झाला होता."

शर्वरीनं आईकडे पाहिलं. रागवावं की काय करावं हे तिला ठरवता येईना, आणि त्या गोंधळात तिला हसू फुटलं. मग दोघीही हसल्या, आणि अप्पांनी आतून विचारलं, की कीड चिरडायचा कार्यक्रम रद्द झाला आहे का.

संध्याकाळी शर्वरीनं गणितात नख घातलं. सालीला किती जखमा, किती खोल, दिवसातून किती हात फिरतात, हे सगळं मांडलं आणि मागच्या दिवसांचे आकडे पुन्हा चालवून पाहिले. एकूण एक लाल दिवा जिथल्या तिथे लागला. पुण्यातल्या वरिष्ठांनी चाचणीला मुदतवाढ दिली, आणि हेही लक्षात आणून दिलं, की नखं काही साताऱ्यातच वाढत नाहीत. बाकीच्या गावांत यंत्रं बंद पेट्यांतून भाजी विकणाऱ्या, जिथे हात लावता येत नाही अशा दुकानांत लावली होती म्हणून अंदाज बरोबर आले होते. गणितातल्या त्या नव्या घटकाला नाव हवं होतं. डॉक्टर सरनोबतांनी आग्रहानं सुचवलं, आणि तेव्हापासून त्याला 'बर्गे गुणांक' म्हणतात. शास्त्रात घराण्याचं नाव कायमचं झालं. साताऱ्याच्या मंडईत तो गुणांक हळूहळू उतरत गेला, कारण एखादीचा अंगठा चुकून पुढे झाला की शेजारची नुसतं "बाई आल्या" म्हणायची.

बाई येतही होत्या, रोज. पण हात पाठीमागे बांधून. देठ बघायच्या, लव बघायच्या, वजन चंद्राक्काच्या हातात बघायच्या. बायका अजून विचारत होत्या. बाईंची ती भीती खोटी ठरली होती. तरी अंगठ्याला काही सुचत नव्हतं. घरी त्या कणकेच्या गोळ्यात उगीचच नख रुतवून बघत.

एका सकाळी चंद्राक्कानं गाळ्याखालून एक दुधी काढला. कोवळा, अंगावर बारीक पांढरी लव, टोकाशी वाळलेलं फूल अजून चिकटलेलं.

"घ्या," ती म्हणाली. "लावा नख."

"अगं, काहीतरीच काय. वर बघतोय तो."

"त्याला हात दिसत न्हाईत. आनि ह्यो इकायचा न्हाई, माझ्या घरचा हाय. अर्धा तुमी न्ह्या, अर्धा मी. दुपारच्याला शिजवायचा, मग कुनाच्या बापाला भितोय आपन?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. विद्यार्थिनी दूर मुळ्याच्या गाळ्याशी होत्या. त्यांनी दुधी डाव्या हातावर आडवा घेतला, डोळे मिटले आणि अंगठा टेकवला. नख अलगद आत गेलं. देठाखाली चंद्रकोर उमटली आणि तिच्यातून रसाचा एक थेंब वर आला. बाईंना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"कोवळा आहे," त्या म्हणाल्या.

"ते मी सांगत व्हते," चंद्राक्का म्हणाली.

वरचा दिवा जरा विचारात पडल्यासारखा लुकलुकला आणि हिरव्याचा पिवळा झाला. आजच खा.

चंद्राक्कानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "आजच खायचाय की," ती त्याला म्हणाली, आणि सुरीनं दुधीचे दोन तुकडे करून देठाकडचा बाईंच्या पिशवीत घातला.